तीनशे सव्वीस नोंदी आणि एक ‘न्हाई’

आधीच सांगतो, माझा असल्या गोष्टींवर कधीच विश्वास नव्हता. बायको अमावास्येला लिंबू-मिरची बांधते तेव्हा मी हसतो. बावीस वर्षं पारनेर तालुक्यातल्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी करतोय. रजिस्टरला नोंद असेल तर वस्तू आहे, नसेल तर नाही, एवढंच मला कळतं. लोकांच्या अशा अनुभवांची ही साईट मी वाचायचो तीही करमणूक म्हणून. आज स्वतः लिहायला बसलोय... लिहिताना जे सांगावं लागणार आहे ते अजून बायकोलाही सांगितलेलं नाही.

माझा धाकटा भाऊ सुनील. माझ्याहून सहा वर्षांनी लहान. गेल्या वर्षी गेला. त्रेचाळीसचा होता.

तो नगरला एमआयडीसीत एका कंपनीत इलेक्ट्रिशियन होता. (आता अहिल्यानगर म्हणायचं, पण जिभेला अजून वळण पडलेलं नाही.) लग्न झालं होतं, दोन वर्षांत मोडलं. सावेडीत एका टेलरच्या दुकानामागे तळमजल्यावर दोन खोल्या भाड्याने घेऊन एकटाच राहायचा. दारू नाही, तंबाखू नाही. नाद एकच — व्हिडिओ गेम. लहानपणी गावात चुलत्यांनी टीव्हीला जोडायचा गेम आणला होता, पिवळ्या कॅसेटवाला. तेव्हा जो लागला तो लागलाच. जुन्या कॅसेटी, डिस्क, डबे, मशिनी... जुन्या बाजारातून, भंगारवाल्याकडून, कुठून कुठून जमवायचा.

या जमवलेल्याची यादी करायची, ही त्याची मोठी अडचण होती. आधी वही केली. मग कॉम्प्युटरवर तक्ता. मग मोबाईलवर दोन-तीन अ‍ॅप घेतली. त्यात डब्यावरचा बारकोड दाखवला की गेमचं नाव, चित्र, साल सगळं आपोआप येतं. पण आपल्याकडच्या पिवळ्या कॅसेटींना कसला आलाय बारकोड? एकाच कॅसेटवर तीन वेगवेगळी लेबलं, आणि वेगळ्या लेबलांखाली तोच गेम. परदेशात केलेल्या अ‍ॅपला हे कुठून कळणार.

मग मला फोन यायचा. “दादा, लई घोळ झालाय बघ. एकच कॅसेट तीनदा मोजली मी. तू पुस्तकातला मानूस, एक रविवार ये की.”

एकदा फोनवर मी त्याला आमची पद्धत समजावून सांगितली होती. प्रत्येक वस्तूला एक दाखल क्रमांक. तो एकदा दिला की बदलायचा नाही. आणि वर्षाकाठी साठा पडताळणी — एकाने रजिस्टर बघून नंबर वाचायचा, दुसऱ्याने कपाटापुढे उभं राहून ‘आहे’ म्हणायचं. हे त्याला फार आवडलं.

“मग तू वाच, मी हाय म्हनतो,” म्हणाला. नोकरीमुळे माझी भाषा बदलली, त्याची गावचीच राहिली.

आणि मी आणखी एक सांगितलं. कपाटात ठेवल्या ठेवल्या नंबर द्यायचे नाहीत, हमखास चुकतात. सगळं खाली काढायचं, ओळीने जमिनीवर मांडायचं, आणि नंबर पडल्याशिवाय एकही वस्तू वर ठेवायची नाही. आमच्या ग्रंथालयातला हा नेहमीचा नियम. मी सहज सांगून गेलो.

त्यानंतर तो दर पंधरा दिवसांनी विचारायचा आणि मी पुढचा रविवार सांगायचो. परीक्षा आहेत, पाहुणे आहेत, गाडी सर्व्हिसिंगला दिलीय. खरं कारण वेगळं होतं. मला त्याची लाज वाटायची. सासरवाडीत कुणीतरी हटकून विचारायचं, “काय दाजी, तुमचे बंधू अजून गेमच खेळतात का?” आणि सगळे हसायचे. मीही हसायचो.

शेवटच्या रविवारचं सांगतो. त्या दिवशी मी नगरमध्येच होतो. बायकोच्या मामेभावाच्या मुलीचं लग्न होतं, सावेडीतल्याच एका मंगल कार्यालयात. सुनीलच्या घरापासून चालत दहा मिनिटं. त्याला आमंत्रण नव्हतं आणि मीही कुणाला आठवण करून दिली नव्हती. पंगत बसली होती, मी पाण्याचा जग घेऊन फिरत होतो, तेवढ्यात त्याचा फोन.

“दादा, कुठं हायस?”

“पारनेरला. कॉलेजात. तपासणीची समिती यायचीय, रविवारी पण बोलावलंय.” तोंडावर हात धरून बोललो, मागे सनईची टेप वाजत होती ना.

तो म्हणाला, “बरं बरं. कर काम. आपली काय घाई न्हाई.”

बुधवारी तो गेला. हृदयविकाराचा झटका. कळलं शुक्रवारी, टेलर मास्तरांनी दार वाजवून वाजवून शेवटी उघडायला लावलं तेव्हा.

दिवसकार्य झालं. घरमालकाने महिनाअखेरपर्यंत खोल्या रिकाम्या करायला सांगितल्या. पुण्याचा एक संग्राहक सगळं एकदम घ्यायला तयार होता, पण त्याला यादी हवी होती. यादी...! म्हणून एका रविवारी सकाळी अकराच्या सुमाराला मी एकटाच तिथे गेलो.

किल्ली टेलर मास्तरांकडे होती. ते कुलूप काढता काढता बोलत होते. “तुमचे भाऊ म्हणजे एकदम गरीब माणूस, साहेब. पण ह्या खोलीत चालायचे कसे माहितीये? असे, बगळ्यासारखे. एक पाऊल इथं, एक तिथं. चार महिने! मी म्हटलं, अहो उचला की हे सगळं, पाय मोडून पडाल. तर म्हणायचे, दादानं सांगितलंय, नंबर पडल्याबिगर वर ठेवायचं न्हाई.”

दार उघडलं. बाहेरच्या खोलीत भिंतीला रिकाम्या फळ्या. आणि खाली जमिनीवर ओळीने डबे, कॅसेटी, डिस्क. मधल्या ओळी विस्कटलेल्या होत्या, त्याला बाहेर काढताना माणसांनी पायाने बाजूला सारल्या होत्या तशाच. त्या ओळींच्या मधून वीतभर रुंदीची वाट, आतल्या खोलीतल्या कॉटपर्यंत.

मास्तर गेले. मी बराच वेळ उंबऱ्यातच बसलो.

मग कामाला लागलो. त्याची वही सापडली, त्यात ३२७ नोंदी होत्या. दुसरं माणूस नव्हतं म्हणून मी फोनवर एक कोरी फाईल उघडली आणि बोलून टाईप करायची सोय असते ती चालू केली. मी वहीतला नंबर आणि नाव मोठ्याने वाचणार, फोन ते लिहून घेणार, मी ती वस्तू ओळीत शोधून चिकटपट्टीवर नंबर टाकून लावणार, मग फोनवर पुढची ओळ. असं ठरवलं. फोन समोर स्टुलावर ठेवला. स्क्रीनकडे बघायची गरज नव्हती.

वीस-पंचवीस नोंदी झाल्यावर सहज पाहिलं.

“एक रणगाड्याची पिवळी कॅसेट हाय”
“दोन मोटारसायकल शर्यत लेबल फाटलेलं हाय”
“तीन पिवळी कॅसेट लेबल नाही हाय”

प्रत्येक ओळीच्या शेवटी. मी हा शब्द उच्चारलाच नव्हता. नोकरी लागल्यापासून मी तो उच्चारतही नाही.

पहिला विचार आला, बाहेरून कुणाचा तरी आवाज येत असणार. समोर भाजीची गाडी होती, बाई गिऱ्हाइकाशी बोलत होती. खिडकी लावली, दार लावलं, पंखा बंद केला. घाम निथळत होता. सव्वीस वाचला आणि या वेळी स्क्रीनकडे बघत बसलो. माझे शब्द उमटले. मग कर्सर लुकलुकत राहिला... तीन-चार सेकंद. आणि ‘हाय’ उमटलं. खोलीत काहीही आवाज झाला नाही. कुजबूजही नाही. गार वाराबिरा, कसलाही वास, काही नाही. दुपारचे साडेबारा, बाहेर ऊन, मास्तरांच्या मशिनची घरघर भिंतीपलीकडे थांबलेली, कारण ते जेवायला गेले होते.

मी भ्यालो नाही. हे खोटं वाटेल, पण नाही भ्यालो. मी पुढचा नंबर वाचला.

मध्येच परीक्षा म्हणून वहीत नसलेला नंबर वाचला, तीनशे पंचेचाळीस, आणि एक मनाचं नाव. माझे शब्द उमटले, पुढे काही नाही. दोन मिनिटं थांबलो. काही नाही. पुन्हा वहीतला खरा नंबर वाचला — हाय.

एकशे अठरा नंबरला शेतीचा गेम होता. ट्रॅक्टर, नांगरणी, कापणी असला. वाचला. कर्सर नेहमीपेक्षा जास्त वेळ लुकलुकला. मग लिहून आलं — “न्हाई”.

पण डबा तर मला समोर दिसत होता! तिसऱ्या ओळीत, हिरवा. उचलला, उघडला. आत डिस्क नव्हती.

सगळीकडे शोधली. शेवटी आतल्या खोलीत टीव्हीखालच्या मशिनमध्ये सापडली. त्या मशिनला दोन रिमोट जोडलेले होते, गेम खेळायचे असतात ते. एक वापरून वापरून गुळगुळीत झालेला. दुसरा नवा, वायरीवरचं प्लास्टिकही काढलेलं नाही. डब्यावर मागे लिहिलं होतं, हा गेम दोघांना मिळून खेळता येतो. सुनीलकडे कुणी येत-जात नव्हतं. मास्तरांना नंतर विचारलं, तेही म्हणाले, कधीच कुणी नाही.

डिस्क डब्यात ठेवली, नंबर लावला आणि पुढे वाचत राहिलो. चहा नाही, जेवण नाही. चार वाजता तीनशे सत्तावीस पूर्ण झाले. एकेक वस्तू उचलून फळीवर ठेवली. जमीन मोकळी झाली.

मग मी फोनसमोर मांडी घालून बसलो आणि म्हणालो, “सुनील, त्या रविवारी मी पारनेरला नव्हतो. इथंच होतो.”

फोनने माझं वाक्य लिहून घेतलं. कर्सर लुकलुकत राहिला. मी वाट पाहिली. पुन्हा म्हणालो, जरा मोठ्याने. दुसऱ्यांदाही फक्त माझंच वाक्य उमटलं. अंधार पडेपर्यंत बसलो होतो. त्यानंतर एकही अक्षर आलं नाही... त्या दिवशी नाही, नंतरही कधी नाही.

आमच्या कॉलेजातल्या कॉम्प्युटरच्या सरांना फाईल दाखवली. अर्थात सगळं सांगितलं नाही. ते म्हणाले, “असं होतं कधी कधी, सॉफ्टवेअर श्वासाचा पण शब्द करतं.” मी विचारलं, मग फक्त असलेल्या वस्तूंनाच कसा? ते म्हणाले, पुन्हा वाचून दाखवा. त्यांच्यासमोर त्याच फोनवर तीच यादी मी चाळीस नोंदींपर्यंत वाचली. माझ्या शब्दांपलीकडे काही आलं नाही. पुण्याच्या संग्राहकाला नाही म्हणून कळवलं. सगळं सामान आता माझ्या घरी आहे.

मागच्या महिन्यात गावी गेलो होतो. आमचं गाव पारनेरहून बारा किलोमीटर. आई ओट्यावर मटकी निवडत बसली होती. कुणालातरी सांगितल्याशिवाय आता राहवत नव्हतं. फोनचं काही बोललो नाही, फक्त माझं खोटं सांगितलं. लग्न, फोन, समिती, सगळं.

आईने मान वर केली नाही. म्हणाली, “ठाव हाय मला.”

“कसं काय?”

“त्यानंच सांगितलं हुतं, त्याच दिवशी. फोन आल्ता त्याचा सांजच्याला. कुठलंसं पार्सल आनाया चालला हुता, तर कार्यालयाच्या गेटातून तू दिसलास म्हनं. पानी वाढत हुतास. तिथनंच फोन लावला त्यानं तुला.”

म्हणजे तो मला बघत होता. फोन कानाला लावून, तोंडावर हात धरून मी खोटं बोलत होतो, आणि तो समोर रस्त्यावर उभा राहून माझ्याकडे बघत होता.

“मी म्हनलं त्याला,” आई बोलत होती, “आरं मंग आत जायाचं, हाक मारायची! सख्खा भाऊ हाय तुझा. तर म्हनला, राहू दे गं. चारचौघांत हाय त्यो. मोकळा झाला की यील.”

“रागावला होता का?”

“कुनाव? तुझ्याव?” आईने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. “त्याला राग येत असता तर त्याचा संसार असा झाला असता व्हय रं?”

मटकीचं सूप उचलून ती आत गेली. मी ओट्यावरच बसून राहिलो.

फोनमधल्या त्या शब्दांचं स्पष्टीकरण मला आजवर कुणी देऊ शकलेलं नाही. इथे कुणाला सुचलं तर जरूर सांगा, मी मोकळ्या मनाने ऐकेन. पण खरं सांगतो, माझ्या डोक्यात फिरतंय ते वेगळंच आहे. रविवारी दुपारी त्याने मला डोळ्यांनी पाहिलं. सोमवार गेला, मंगळवार गेला. एवढे दिवस त्याच्याकडे होते, आणि फळ्या रिकाम्या होत्या. त्याने एक कॅसेटसुद्धा उचलून वर ठेवली नाही. नव्या रिमोटची वायर सोडवून ठेवली नाही. कामावरून यायचा आणि त्या वीतभर वाटेने आत जाऊन झोपायचा.

मला बघून झाल्यावरही तो कशाच्या भरवशावर माझी वाट पाहत होता, ते मला कळत नाही.