साठ सायकलची मोटर
जळालेली मोटर उघडली की वार्निशचा करपट वास अंगावर येतो आणि मला मे महिन्यातली ती दुपार आठवते. आंधळगावातल्या एका म्हाताऱ्याची छाती राइस मिलच्या धुळीने कामातून गेली होती, म्हणून अमेरिकेतल्या मुलीने ऑक्सिजनची मशीन पाठवली. ती तिकडच्या एकशेदहा व्होल्टची, म्हणून जळालेल्या मोटारींची वायंडिंग भरणाऱ्या मला बोलावलं. मी ट्रान्सफॉर्मर लावून व्होल्टेज उतरवलं, मशीन सुरू झाली. म्हाताऱ्याने नाकात नळी घालून डोळे मिटले. जन्मभर मिलच्या मोटारी चालवलेला माणूस तो; जरा वेळ ऐकून म्हणाला, "चक्कर कमी पडून राहिले ना, बाबू?" मी मानेनेच हो म्हटलं. तिकडची वीज सेकंदाला साठ सायकलची, आपली पन्नासची. ते काही ट्रान्सफॉर्मरने बदलत नाही. मोटर हळू फिरणार, तापणार, हवा कमी देणार. तेवढ्यात मुलीचा व्हिडिओ कॉल आला. "मस्त चालून राहिली, बेटा," म्हणत त्याने फोन माझ्याकडे वळवला. "दादा, ठीक आहे ना?" तिने विचारलं. खरं सांगितलं असतं तर तिने इथलीच दुसरी घेऊन दिली असती. पण सकाळपासूनच्या कामाने मी थकलो होतो, त्यात म्हातारा माझ्याकडे बघत होता. "चालते," म्हणालो. फोन ठेवून तो बायकोला म्हणाला, "कूलर मशीनकडे कर वं, तिले गरमी होऊन राहिली." ती मशीन किती दिवस टिकली ते विचारायला मी कधी गेलो नाही. म्हाताऱ्याच्या गल्लीतल्या मोटारी अजूनही माझ्याकडे येतात. भरून झाल्या की दुकानातूनच घेऊन जा म्हणतो, बसवायला तिकडे जायला नको म्हणून गुडघ्यांचं कारण सांगतो.