टिल्लूने घातलेली मागणी

माझ्या मामाने उमेदीची सगळी वर्षं पाच अक्षरांशी दावा मांडण्यात घालवली: प, फ, ब, भ आणि म. लोक भाऊबंदांशी भांडतात, शेजाऱ्यांशी भांडतात. हा वर्णमालेतल्या एका ओळीवर उठला होता.

कारण धंद्यात होतं. मामा एका नाटक कंपनीत शब्दभ्रमाचे खेळ करायचा. दोन अंकांच्या मध्ये पडद्यामागे देखावा बदलत असताना हा पडद्यापुढे खुर्ची टाकून बसायचा, मांडीवर टिल्लू नावाचा लाकडी बाहुला, आणि त्या बाहुल्याला बोलतं करायचा. बोलणारा अर्थातच मामा, पण ओठ हलता कामा नयेत. तुम्हीच करून बघा. 'क' म्हणताना जीभ पार मागे टाळूला लागते, बाहेर कोणाला पत्ता नाही. 'ट'ला ती वळून वर जाते, 'त'ला दातांना टेकते. सगळा कारभार दाराआड. पण 'प' म्हणायचं तर ओठाला ओठ लावावाच लागतो, आणि तिथे चोरी पकडली जाते. 'व' हे जरा कुंपणावरचं अक्षर. त्याला मामा दातांआडून कसंबसं निभावून न्यायचा.

हे मी आता कॉलेजात भाषाविज्ञानाच्या पहिल्या तासाला शिकवते. मुलं गंभीर चेहऱ्याने प-प-प करतात आणि मला हसू आवरत नाही. पुस्तकाने मला हे फार उशिरा सांगितलं. आमच्या घरी हा विषय जेवताना चालायचा.

टिल्लूला साधं 'मी' म्हणता येत नसे. 'माझा', 'मला', 'आम्ही' यांचीही तीच गत. म्हणून तो स्वतःला 'हा गडी' म्हणायचा आणि लोकांना वाटायचं, काय रुबाब आहे! 'नमस्कार' गेला, 'कसं काय?' आलं. 'भूक लागली'च्या जागी 'खायला दे', आणि पोपटाचा राघू झाला. भाजी घेणारी बाई वांगं दाबून बघते तसा मामा प्रत्येक शब्द तपासायचा.

"ह्याचं खोड किडकं," तो सांगायचा, "आणि ह्याचा नुसता शेंडा किडका. खोड किडकं असलं की टाकून द्यायचं, शेंडा किडका असला की छाटायचा."

'मित्राला' हा खोडातच किडका. 'ला' कितीही निर्दोष असो, मित्रात 'म' बसलाय त्याला काय करणार? पण 'दोस्ताबरोबर' घ्या. दोस्त चांगला, 'बरोबर' तेवढं किडकं. ते छाटायचं, 'सह' जोडायचं, 'दोस्तासह' तयार! पुढे मी प्रकृती आणि प्रत्यय शिकले, शब्द कसा बांधला जातो यावर जाडजूड ग्रंथ उपसले, परीक्षाही दिल्या. उत्तरपत्रिकेत खोड आणि शेंडा लिहिण्याचा मोह मी कसा टाळला ते माझं मला माहीत.

सवय अशी की रंगमंचावरून ती घरात शिरली. माझ्या वडिलांना भावोजी म्हणायचं सोडून तो दाजी म्हणू लागला. दुकानात "साखर द्या" म्हणाला की दुकानदार त्याच्या मागे कोण उभं आहे ते वाकून बघायचा. ओठ चुकून थरकलाच तर झाकायला त्याने मिशी वाढवली होती, चांगली झुबकेदार. माझी आई, म्हणजे त्याची थोरली बहीण, वैतागून म्हणायची, "अरे, देवाने तोंड दिलंय ते भिंतीसारखं काय ठेवतोस? माणसाशी बोलतोयस की कपाट बोलतंय?"

असा माणूस प्रेमात पडू नये, पण पडला. तेही कोणाच्या, तर कंपनीच्या कपडेपटाच्या बाईंच्या.

कपडेपट म्हणजे रंगमंचामागची लांबट खोली. एका भिंतीला राजांचे अंगरखे, दुसरीला भिकाऱ्यांच्या चिंध्या, खिडकीशी शिवणयंत्र आणि त्यावर वाकलेल्या बाई, तोंडात दोन टाचण्या. लहानपणच्या आजारात बाईंचे कान गेले होते. बोलायच्या व्यवस्थित, फक्त सूर सपाट. आणि समोरच्याचं बोलणं त्याच्या ओठांवरून ओळखायच्या. यात त्या इतक्या तरबेज होत्या की नायक-नायिका रंगमंचाच्या त्या टोकाला पुटपुटत भांडत असले तरी इकडे विंगेत उभ्या बाईंना भांडणाचं मूळ कळायचं. कंपनीत त्यांच्यासमोर कोणी कुजबुजायचं नाही. कुजबुजून उपयोगच नव्हता.

"ओठांवरची अक्षरं मला लख्ख दिसतात," त्यांनी मला एकदा सांगितलं होतं. "प, ब, म सगळी सारखीच दिसतात म्हणा, पण दिसतात तरी. त्यांच्या आधाराने बाकीचं जुळवते. घशातली अक्षरं कोणाची कधी दिसली आहेत?"

आता लक्षात घ्या. बाईंना ज्यांचा आधार वाटायचा तीच अक्षरं आमच्या मामाने तोंडातून हाकलून दिली होती. उरलेली त्याने न हलणाऱ्या ओठांमागे आणि मिशीखाली ठेवली होती. टिल्लूच्या कोटाची बटणं हा स्वतः कात्रीने तोडायचा आणि लावून घ्यायला कपडेपटात जायचा, तिथे तासभर मनापासून गप्पा मारायचा; सगळ्यांचं बोलणं ओळखतात तसं बाई आपलंही ओळखतात, असं तो धरून चालला होता. बाई बटण लावायच्या आणि मनात म्हणायच्या, किती सज्जन माणूस, एक अक्षर बोलत नाही.

हंगाम संपत आला तसं कळलं की बाईंच्या भावाने त्यांना आपल्याकडे बोलावलंय, कायमचं. शेवटच्या प्रयोगानंतर त्या जाणार. मामाची झोप उडाली. बाई गेल्या तर परत भेटायच्या नव्हत्या, आणि या माणसात दुसऱ्यांदा प्रेमात पडण्याइतकं धाडस नव्हतं. तो आईला एवढंच म्हणाला, "ताई, आता नाही तर कधीच नाही." मग आठवडाभर कोपऱ्यात बसून मागणीची वाक्यं रचत बसला.

शेवटचा खेळ दुपारचा होता. तो संपल्यावर सगळे कपडेपटात चहाला जमले: दिग्दर्शक, नट मंडळी, केस विंचरणाऱ्या बाई, आणि खास बोलावलेल्या आम्ही मायलेकी. मी तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते. बाई खिडकीशी बसून कुठल्याशा अंगरख्याची उसवलेली कड शिवत होत्या. मामा त्यांच्यासमोर खुर्चीत बसला. मांडीवर टिल्लू. घसा साफ केला, आणि टिल्लूचा जबडा हलू लागला.

"अहो! ह्या दादाच्या घशाखाली घास उतरत नाही. ह्याच्याशी लग्न करता का?"

वाक्य ऐका! एकसुद्धा अक्षर ओठांचं नाही, सगळं निवडून पाखडून घेतलेलं. कारागिरी म्हणून शंभरपैकी शंभर. दिग्दर्शकाने डोळे पुसले, केस विंचरणाऱ्या बाईंनी शिट्टी मारली, टाळ्यांनी खोली दणाणली. मामाच्या कपाळावर घाम आणि मिशीखाली समाधान.

बाईंनी टाळ्यांचे हात बघितले आणि सुई थांबवली. त्यांना दिसलं होतं ते एवढंच: मामा नेहमीसारखा गप्प, आणि एका लाकडी जबड्याची उघडझाप. लाकडी जबड्याला काय, सगळी बाराखडी सारखीच.

"काय झालं?" त्यांनी विचारलं. "कोणाचा वाढदिवस आहे का?"

सगळ्या कंपनीला मागणी ऐकू गेली होती. जिला घातली ती सोडून. आईच्या हातातली बशी खाली आली. "अहो बाई, याला तुमच्याशी..." ती सुरू झाली, पण मामा ताडकन उठला. "ताई, थांब!" असा आवाज मी त्याचा कधी ऐकला नव्हता. टिल्लू गडगडत खाली पडला, त्याला कोणी उचललं नाही.

मामाने स्वतःच्या तोंडाने प्रयत्न केला. ओठ जेमतेम फडफडले. बाईंनी त्याला खांद्याला धरून खिडकीच्या उजेडात वळवलं, निरखून बघितलं आणि मान हलवली. "मिशी आड येतेय," त्या म्हणाल्या.

मामा बाहेर गेला. रंगपटात पाणी सांडल्याचा आवाज आला. परत आला तेव्हा वरचा ओठ सोललेल्या बटाट्यासारखा, दोन ठिकाणी कापलेला. इतका उघडा माणूस मी पाहिला नाही. मला रडू यायला लागलं आणि त्याच वेळी हसूही, काय करू?

तो बाईंसमोर बसला आणि दातांच्या डॉक्टरला दाखवावं तसं तोंड उघडून, एकेक शब्द चावून म्हणाला, "मला तुम्ही फार आवडता. माझ्याबरोबर राहाल?"

"परत म्हणा," बाई म्हणाल्या.

त्याने म्हटलं.

"परत."

या खेपेला त्यांनी पुढे होऊन त्याच्या गळ्यावर दोन बोटं टेकवली. त्याचं शास्त्र मी वर्गात सांगते: 'प' म्हणताना कंठ शांत असतो, 'ब'ला आत कंप होतो, तो बोटाला कळतो. त्या दिवशी मात्र मी शास्त्र वगैरे आठवण्याच्या स्थितीत नव्हते. अख्खी कंपनी छताकडे बघत होती. "अहो, आता तरी सांगा काहीतरी!" आई मागून ओरडली. बाईंच्या मागून ओरडून काय होणार?

"कळलं होतं पहिल्यांदाच," बाई मामाला म्हणाल्या. "पण इतकी वर्षं समोर बसता, या तोंडावर कधी काही दिसलं नाही. म्हणून बघत होते."

आणि मग त्यांनी उत्तर दिलं. आवाज न काढता, नुसत्या ओठांनी. आमच्याकडे त्यांची पाठ होती. खोलीत बारा माणसं कान टवकारून उभी होती आणि एकालाही काही मिळालं नाही. दिसलं ते फक्त मामाला, आणि ओठ वाचणं त्याला जमणार नाही तर कोणाला जमणार? मामा कानापर्यंत लाल झाला.

बाईंनी अंगरखा उचलला आणि मोठ्याने दिग्दर्शकाला विचारलं, "पुढच्या हंगामाची मापं कधी घ्यायची?" मग खाली वाकून कड शिवायला लागल्या.

"काय म्हणाली? अरे, काय म्हणाली ती?" आई मामाचा दंड धरून हलवत होती.

मामाचे नुसते ओठ हलत होते. बाई जे म्हणाल्या ते तो आवाज न करता पुन्हा पुन्हा म्हणून बघत होता.