चैनलालनं पाडलेलं हेलिकॉप्टर

सालेकशाच्या चैनलाल पटलेनं गोफणीच्या एका दगडात हेलिकॉप्टर पाडलं, अशी कुजबुज एके काळी आपल्या भागात होती. स्टेशनावर चहा पिताना लोक ती इतक्या हळू आवाजात सांगत, की पलीकडच्या फलाटावर सहज ऐकू जावी. पुढच्या दरेकशा स्टेशनाला पोचेपर्यंत तर एका हेलिकॉप्टरची दोन झाली होती.

साल अठ्ठावन्न, मे महिना. जंगलाची वरून पाहणी करायला एका कंपनीचं हेलिकॉप्टर आलं होतं. पेट्रोलचे ड्रम ठेवायला सावली हवी, म्हणून ते चैनलालच्या शेतातल्या आंब्याखाली उभे केले आणि राखणही त्यालाच दिली. चैनलाल भला माणूस. पागोटं नीट, मिशा त्याहून नीट. नेमाचं तेवढं विचारू नका. तो आंब्यावरच्या पोपटांवर गोफण फिरवू लागला, की पोपट बसून राहायचे आणि शेजारी उठून जायचे. बायको चमेली म्हणायची, "मले पोपटाजवळच बसू द्या, तेथीच जीव वाचते."

एका सकाळी पायलटनं टाकी भरली. हेलिकॉप्टर आंब्यावरून वर गेलं आणि नेमका तेव्हाच चैनलालनं पोपटांवर दगड सोडला. वर इंजिन खोकलं. पुन्हा खोकलं. मग त्याचा जोरच गेला आणि हेलिकॉप्टर शेजारच्या केवळरामच्या धानाच्या बांधीत, त्या कोरड्या खाचरात, आदळून एका अंगावर कललं. पायलट लंगडत, शिव्या देत बाहेर आला. चैनलालनं आधी हेलिकॉप्टरकडे पाहिलं, मग हातातल्या गोफणीकडे.

बांधावर केवळराम उभाच होता. "काय गा चैनलालभाऊ, पाडलंच ना शेवटी!"

ज्याचा दगड जन्मात पोपटाला लागला नाही, त्यानं अशा वेळी नाही कसं म्हणावं? चैनलालनं मिशीवर हात फिरवला. "आता का सांगू बाप्पा."

झालं. पुढचे काही दिवस चैनलाल रस्त्यानं चालला, की लोक बिडी विझवून उभे राहत. बाया लेकरांना गोफणीला हात लावायला आणत. आणि मग पोलिसांना घेऊन मुंबईहून तपासणीचे साहेब आले.

"भाऊ, सरकार आता तुले सोडत नाही," केवळराम कानाशी लागला. "कबूल करशील त जेलात जाशील."

"मी कधी म्हटलं पाडलं म्हणून? तूच त सांगत फिरून राहिला ना!"

हो म्हणावं तर जेल, नाही म्हणावं तर गावात नाक जाणार. सगळं गाव आंब्याखाली गोळा झालेलं.

"दगड तुम्ही मारलात?" साहेबांनी विचारलं.

"मारला जी. पण पोपटाले."

"लागला?"

गर्दीतून चमेली ओरडली, "सांगा ना खरं! आजवर कोनाले लागला का तुमचा दगड?"

साहेबांनी समोरच एक रिकामा ड्रम ठेवला. "हा पाडून दाखवा."

पहिला दगड साहेबांच्या जीपवर वाजला. दुसऱ्यानं केवळरामचं धोतर फाटता फाटता राहिलं. लोकांत कुजबुज झाली, "पाहा गा, कसा मुद्दाम चुकवून राहिला! लय हुशार मानूस."

साहेब हसले. पेट्रोल आहे म्हणून त्यांनी गर्दी लांब हाकलली. हटली नाही ती फक्त चमेली, म्हणून तर पुढचं मला कळलं. साहेबांनी हेलिकॉप्टरच्या टाकीच्या तळातलं पेट्रोल शरबताच्या बाटलीत काढलं. वर पेट्रोल, खाली पाणी. आंब्याखालच्या ड्रमांतलं काढलं, तर तेच.

"ड्रमात पाणी कुठून आलं?"

गोफणीचं मिटलं, या आनंदात चैनलालची छाती फुगली. "राखन केली साहेब म्या! उन्हानं पेटू नये म्हनून सकाळ-संध्याकाळ ड्रमावर पानी मारलं. बिडीचा तेंदूपत्ता पोत्यात भरायच्या आधी आमी असंच मारतो, मंग पान तडकत नाही."

साहेबांनी कपाळाला हात लावला. "अहो, उभ्या ड्रमाच्या डोक्यावर पाणी साचतं. ड्रम थंडावला, की ते झाकणातून आत ओढलं जातं. ड्रम आडवे ठेवायचे असतात. कोणी सांगितलं नव्हतं?"

"नाही जी."

"मग चूक कंपनीच्या माणसांची. तुम्हाला कोणी धरणार नाही."

जेल टळला. तरी चैनलाल जागचा हलेना. इकडेतिकडे पाहून हळूच म्हणाला, "साहेब, गावात गोफनीचंच राहू द्या ना जी."

"मला मुंबईला सांगायचंय," साहेब म्हणाले, "तुमच्या गावाला नाही." आणि जीपवरचा पोचा चाचपत निघून गेले.

चैनलाल मरेपर्यंत गोफण त्याच्या ओसरीत टांगलेली होती. पाहुणे आले, की तो तिच्याकडे न बघितल्यासारखं करून बघायचा. घरच्या रॉकेलच्या डब्याला मात्र चमेलीनं त्याला पुन्हा हात लावू दिला नाही.

त्या सकाळी चैनलालचा दगड कशालाही लागला नव्हता. त्यानं ड्रमांवर मारलेलं पाणी पेट्रोलात उतरलं, इंजिनाची ताकद गेली आणि हेलिकॉप्टर खाली आलं.