पोफळीला कळलेलं वजन

माझं वजन वाढलंय हे सगळ्यात आधी एका पोफळीला कळलं. घरात काटा नव्हता आणि आरशात मी दाढीपुरताच बघतो.

दिवेआगरला एका वाडीत सुपारी उतरवत होतो. हे काम मी वीस वर्षं करतोय. पायात दोरीचा फास, कमरेला कोयता, वर जायचं, घड कापायचा, आणि मग खाली उतरायचं नाही. शेंड्याजवळ बसून झाडाला झोका द्यायचा, शेजारची पोफळ हाताशी आली की तिला मिठी मारायची आणि पहिली सोडायची. असं करत एका चढणीत सात-आठ झाडं होतात. दर झाडाला उतरून पुन्हा चढतो तो नवशिका, असं आमच्यात मानतात. मीही तसं मानून बऱ्याच जणांची टर उडवली आहे.

त्या दिवशी झोका दिला आणि झाड परत आलंच नाही. वाकलं ते वाकूनच राहिलं आणि आतून करकर वाजलं. मी जसा होतो तसा घसरत खाली आलो. छाती सोलली. वाडीच्या मालकीणकाकू खाली उभ्या होत्या. त्यांनी आधी झाडाकडे बघितलं.

"अरे, वादळाने ठेवलंय ते झाड. तू नको हो मोडूस," म्हणाल्या. मग माझ्याकडे नीट बघून, "तब्येत मात्र छान सुधारली हो तुझी."

हे मी तेव्हा सगळीकडे ऐकत होतो. आमच्याकडे माणूस फुगला की तब्येत सुधारली म्हणतात. सासुरवाडीला तर माझं कौतुकच झालं, वादळात अर्ध्या वाड्या आडव्या झाल्या तरी जावई बघा कसा भरलाय. मलाही ते वाईट वाटत नव्हतं. चेहरा तव्यावर फुगलेल्या भाकरीसारखा गोल झाला होता, पोट पुढे आलं होतं. हातपाय तेवढे बारीक होत चालले होते, पण त्यांच्याकडे कोण बघतो.

काकूंनी दुसऱ्या दिवसापासून दुसरा माणूस लावला. मला म्हणाल्या, तू खाली सुपारी सोल, झाडांना पाणी सोड. पूर्ण गाव बघत असताना मी खाली बसून सुपारी सोलली. मला लाज वाटली, आणि ती मी कोणाला दाखवली नाही. मला पुन्हा वर जायचं होतं, बाकी काही नको होतं. वर मी कोणीतरी होतो.

म्हणून जेवण तोडलं. रात्रीचं बंद केलं, भात बंद, मासळी बंद. सकाळी गरम पाण्यात लिंबू पिळून प्यायचो आणि दिवेआगरच्या किनाऱ्यावर पळायचो. भूक अशी लागायची की सुकटीच्या वासाने डोळ्यांत पाणी यायचं. तीन महिन्यांनी बोर्लीच्या दवाखान्यात काट्यावर उभा राहिलो तर वजन आणखी वाढलेलं. डॉक्टरांनी थायरॉइड तपासलं. ते ठीक निघालं. साखर मात्र वर गेली होती.

"औषध-बिवषध काही घेता?" त्यांनी विचारलं.

"काही नाही," मी म्हणालो.

हे मला खोटं वाटत नव्हतं. वादळानंतर पडलेली झाडं ओढून ओढून माझा उजवा गुडघा गेला होता. चढताना आत सुई घातल्यासारखं व्हायचं. तेव्हा बोर्लीच्या बाजारात बसणाऱ्या एका म्हाताऱ्याने मला पुडी दिली होती. करड्या रंगाची, झाडपाल्याची. सूर्य उगवायच्या आत कोमट पाण्यातून घ्यायची, वांगं खायचं नाही, आणि डॉक्टरला कधी सांगायचं नाही. सांगितलं की गुण जातो. त्याने किंमतही सांगितली नव्हती, खुशीने द्या म्हणाला. चार दिवसांत गुडघा नवा झाला. मी दीड वर्षं रोज ती पुडी घेत होतो. झाडपाल्याला औषध म्हणतात हे माझ्या डोक्यातच नव्हतं, आणि असतं तरी मी तोंड उघडलं नसतं. गुण गेला असता तर गुडघा गेला असता, आणि गुडघा गेला तर झाड गेलं.

डॉक्टरांनी मला पुन्हा बोलावलं. या खेपेला बायको बरोबर आली. दंडावरचे काळेनिळे डाग तिनेच दाखवले. नुसता धक्का लागला तरी ते उठायचे. पोटावर जांभळे चट्टे उमटले होते तेही तिने शर्ट वर करायला लावून दाखवले. मी वैतागलो होतो. डॉक्टरांनी पुन्हा तेच विचारलं. मी पुन्हा तेच सांगितलं.

बायकोने पदराची गाठ सोडली आणि पुडी टेबलावर ठेवली.

"ह्ये रोज सकाळी घेतात, डॉक्टर. दीड वरीस झालं."

मी तिच्याकडे असं बघितलं की डॉक्टरांनी खुर्ची मागे सरकवली. ती माझ्याकडे बघत नव्हती.

डॉक्टरांनी पुडी हुंगली नाही, चाखली नाही, नुसती बाजूला ठेवली. म्हणाले, यात स्टिरॉइड मिसळलेलं असणार. दुखणं दाबतं, भूक पेटवतं, पोट आणि तोंड फुगवतं, हातापायाचं मांस खातं. सकाळचं रक्त तपासल्यावर तसंच निघालं. मी म्हणालो, मग आजच फेकून देतो. ते एकदम मोठ्याने म्हणाले, "तसं अजिबात करायचं नाही." शरीर हे रसायन स्वतः बनवतं, पण बाहेरून मिळायला लागलं की आपलं काम सोडून देतं, एकदम बंद केलं तर माणूस कोसळतो. त्यांनी पुडीऐवजी मोजक्या गोळ्या दिल्या आणि त्या महिन्या-महिन्याने कमी करत नेल्या.

आणि गुडघा पुन्हा दुखायला लागला. म्हातारा म्हणाला होता तसंच. पुडी उघड केली आणि गुण गेला. डॉक्टरांचं सगळं मला पटलं होतं, तरी मनात मी हेच धरून बसलो आणि बायकोशी कामापुरतंच बोलत राहिलो. दोन महिने. ती रोज माझ्या ताटात अर्धा भात वाढायची, बाजूला कुळथाचं पिठलं नाहीतर मासळीचं कालवण, तळलेलं नाही. रात्रीचं जेवण परत सुरू करा, पण लवकर, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. पळणं बंद करून ओहोटीला कडक वाळूवरून चालायला सांगितलं होतं, आणि खुर्चीत बसून पाय सरळ उचलून धरायचा गुडघ्यासाठी. हा कसला व्यायाम, म्हणून मी हसलो होतो. पण केला.

त्या वर्षात घरात एक गोष्ट बदलली होती आणि ती मला टोचत होती. पूर्वी मी कामावरून येईपर्यंत बायको जेवायची नाही, मग चार वाजोत नाहीतर पाच. आता मी खाली बसून सुपारी सोलतो म्हटल्यावर ती बाराच्या ठोक्याला ताट घेऊन बसायची. मी समजायचं ते समजलो. झाडावर जाणाऱ्या माणसासाठी थांबायचं, सोलणाऱ्यासाठी कशाला थांबायचं. एकदा बोललोही, "आता काय, तुझी तब्येत सुधारायला लागली." खरंच सुधारली होती. गाल भरले होते, झोप लागत होती. ती हसली नाही.

वजन उतरलं ते इतकं हळू की पहिले तीन महिने मला काट्यावर विश्वास नव्हता. मग पँटला दोरी बांधावी लागली. तोंड निवळलं. वर्ष होत आलं तेव्हा गोळी बंद झाली, साखर खाली आली, आणि गुडघा दुखायचा तो चालण्याच्या सवयीने आणि त्या खुर्चीतल्या व्यायामाने बराच सोसण्यासारखा झाला. लोक म्हणायला लागले, काय रे, खराब झालास. डॉक्टर म्हणाले, चढून बघायला हरकत नाही, बेताने.

काकूंना सांगितलं, उद्या येतो. सकाळी फासाची दोरी काढून बघत होतो, तेव्हा बायको दारात येऊन उभी राहिली.

"आज मी जेवणार न्हाय दुपारची," ती म्हणाली. "तुम्ही येस्तवर."

"थांबायला कोणी सांगितलंय? वर्षभर थांबली नाहीस."

"वर्षभर तुम्ही खाली हुता," ती म्हणाली. "वीस वरसं तुम्ही वर गेलात की माझ्या घशाखाली घास उतरत न्हाय. ह्या वर्षी उतरला."

मी दोरी हातात धरून उभा राहिलो. ती मला थांबवत नव्हती. डोळ्यांना पदरही लावत नव्हती. भाताला पाणी किती ठेवायचं ते सांगावं तशी सांगत होती.

"मग पुडी कशाला दाखवलीस?" मी विचारलं. "मी फुगलेलाच राहिलो असतो की. खाली."

"तुम्ही मेला असता," ती म्हणाली आणि आत गेली.

वाडीत गेलो. चढलो. गुडघा कुरकुरला, पण चढलो. वर वारा होता. वर्षभर ज्यासाठी तडफडलो ते सगळं तिथे होतं, समोर समुद्र आणि हाताच्या अंतरावर शेजारची पोफळ. घड कापून खाली सोडला. झाडाला झोका दिला, ते वाकलं आणि सरळ परत आलं, जराही आवाज न करता. पुढच्या झोक्याला हात टाकला असता तर शेजारची पोफळ आली असती. मला माहीत आहे, आली असती.

मी झाड थांबवलं आणि उतरलो. चालत पुढच्या झाडाशी गेलो आणि खालून चढलो.

तेव्हापासून तसंच करतो. पूर्वीच्या निम्मी झाडं होतात, आणि बारा वाजता घरी जेवायला जातो. खालची माणसं हसतात, नवशिका झालास का रे म्हणतात. काकूंनीही एकदा विचारलं. मी सगळ्यांना एकच सांगतो, की वजनामुळे जमत नाही. काट्यावर मी आता लग्नात होतो तेवढा आहे, पण ते बघायला कोणी येत नाही.