पुतळाबाईने गिळलेलं नाव

वेसाव्याच्या कोळीवाड्यात धवलारणीशिवाय लग्न लागत नसे. भटजी उशिरा आला तरी चालायचं. पण धवले गाऊन देवांना आणि मेलेल्या वाडवडिलांना नावानिशी हळदीला बोलवायला पुतळाबाईच हवी. ती पाटावर बसली की पडदा वर गेल्यासारखा मांडव चिडीचूप! चाळीस वर्षं हा मान तिचा होता.

पण त्र्याऐंशी साली शेजारच्या गल्लीत एका लग्नात धवल्यांची कॅसेट वाजली. पुतळाबाईला बोलावणंच नाही. तेव्हापासून कोणी चोरून आपला आवाज टेप करतंय का, म्हणून ती ज्याच्या त्याच्या पिशवीकडे रोखून बघू लागली.

हरेश्वरच्या मुलीच्या, सुलक्षणाच्या हळदीला तिला संशय आला तो हरेश्वरच्या सुनेचा, कमळचा. कमळ अगदी पुतळाबाईच्या पाठीला चिकटून बसलेली. मांडीवर टोपली, वर फडकं.

"काय गो टोपलीत?"

"पान-सुपारी, आये."

पान-सुपारी कोणी अशी पोटाशी धरतं? कमळच्या भावाने आखातातून टेपरेकॉर्डर आणल्याचं साऱ्या वाड्याला ठाऊक होतं. आज आवाज त्या डब्यात गेला, की उद्या आपल्याला कोण विचारतो?

पुतळाबाईने देव सगळे बोलावले. पितरांत मात्र एक नाव गिळलं. नाव राहिलं की हळद अपुरी. असली कॅसेट कोण लावील? कोणाचं नाव, हे बघायला संशयाने सवडच दिली नाही.

सुलक्षणाने हळदीने माखलेली मान वर केली.

"आये, माझी आई ऱ्हायली."

मालन! दोन वर्षांपूर्वी गेलेली. तिची हळदही पुतळाबाईनेच गायली होती. गावं तर कॅसेट पुरी होणार. न गावं तर ही पोर आईविना बोहल्यावर चढणार.

पुतळाबाईने डोळे मिटले आणि मालनला हाक घातली. एकदा नाही, तीनदा. बायकांनी पदर डोळ्यांना लावले.

मग तिने वळून फडकं उचललं. आत टेपरेकॉर्डरची चाकं गरगरत होती.

"पान-सुपारी फिराय लागली गो तुझी!"

कमळ रडवेली झाली. "शिकव म्हटलं की हाकलतेस. मग काय करू?"

"ह्या डब्याला समजलं का, कोण ऱ्हायलं ते?"

पुतळाबाईच्या मागे ओळ उचलणारी जोडीदारीण जाऊन वर्ष झालं होतं. ती जागा तिने कोणालाच दिली नव्हती.

"बाजूला बस. मी सोडीन ती ओळ उचल. चुकलीस तर चिमटा काढीन."

कमळने ओळ उचलली. थरथरत, पण सुरात. पुतळाबाई गात राहिली, आणि गाता गाताच तिने पायाने कॅसेटसकट टोपली कमळपासून हळूच आपल्याकडे ओढून घेतली.