अनवाणी नरसिंह

माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, हे आमच्या वाडीत शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. तरीही एक नाव मी सगळा जन्म पोटात धरून ठेवलं. सोंग घेणाऱ्याचं नाव त्याच्या हयातीत घ्यायचं नाही, असा आमचा नियम. सहादेव गेला त्याला मागच्या पौषात वर्ष झालं. नियम संपला. आता मला कुणी अडवू नये.

सहादेव माझा चुलतभाऊ, माझ्याहून चार वर्षांनी मोठा. भिंतीला भिंत, बांधाला बांध. मान कायम खाली आणि बोलणं इतकं बेताचं की दिवसाला चार शब्द झाले तर पाचव्याला कचरायचा. लोक त्याला घुम्या म्हणायचे. दसरा झाला की केशरवहिनीला घेऊन ऊसतोडीला जायचा, उन्हाळ्याच्या तोंडाला परत यायचा. कोयत्याच्या घावानं त्याच्या डाव्या पायाचं अंगठ्याचं नख दुभंगलं होतं. बाकी त्याच्यात लक्षात ठेवण्यासारखं काही नव्हतं, आणि त्याच्यावाचून वाडीत कुणाचं काही अडतही नव्हतं.

आमची वाडी खर्ड्यापासून दोन कोसांवर. चैत्रात भैरवनाथाची जत्रा भरते आणि शेवटच्या दिवशी नरसिंहाचं सोंग निघतं. पांगाऱ्याच्या लाकडाचा मुखवटा, तागाची आयाळ, अंगावर काळं घोंगडं. मान घराघरांत फिरतो. ज्याची पाळी त्याच्या घरी पाडव्याला मुखवटा जातो. पाळी कुणाची हे सगळ्यांना माहीत असतं, पण नावही घ्यायचं नाही आणि घरही दाखवायचं नाही. मुखवटा चढला की आत माणूस नाही, देव. त्यानं हात पुढं करून जे मागितलं त्याला नाही म्हणायचं नाही. सोंग चढल्यापासून उतरेपर्यंत त्यानं दिवसातून एकदाच जेवायचं, भुईवर निजायचं, पायात काही घालायचं नाही. आणि सोंग उतरवायचं ते घरच्या बाईनं, चार माणसांदेखत पायांवर पाणी घालून. पाणी पडलं नाही तर देव अंगातच राहतो, नुसता मुखवटा काढून भागत नाही.

त्र्याहत्तरच्या पाडव्याला मुखवटा सहादेवाच्या घरी आला. बारा वर्षं वाट पाहिली होती गड्यानं. आणि चारच दिवसांनी पंचांनी ठरवलं की यंदा दुष्काळ आहे, प्यायला पाणी नाही, जत्रा बंद. सहादेव हूं की चूं बोलला नाही. पण मला त्याचा असा राग आला होता की काय सांगू. मी असतो तर चावडीवर बसून बोंबललो असतो.

सगळी वाडी तेव्हा पाझर तलावाच्या कामावर होती. गडी खणायचे, बाया घमेली वाहायच्या. खायला सरकारी दुकानातली लाल मिलो ज्वारी, आणि दुपारी कामावर सरकारची सुकडी मिळायची, भाजलेल्या पिठात गूळ घातलेली. लेकुरवाळ्या बाया त्या मूठभर सुकडीवर दिवस काढत. मुकादम होते आबासाहेब, आमच्याच वाडीतले. मस्टरवर नाव ठेवायचं की उडवायचं ते त्यांच्या हातात. चैत्र अर्धा सरला आणि सुकडी मुठीवरून चिमटीवर आली. कुठं जात होती? आबासाहेबांच्या मळ्यात, दावणीच्या म्हशींच्या पुढ्यात. मला कसं ठाऊक? गाडी मीच हाकत होतो. हो, मीच. मस्टरवर माझंही नाव होतं आणि घरात चार तोंडं होती. त्या दिवसांत मी बायकोच्या डोळ्याला डोळा देत नव्हतो.

एका दुपारी पोती घालून मी मळ्याच्या वाटेला लागलो. ओढ्यात गाडी उतरली आणि बैल जागीच थांबले. समोर बघतो तर भर उन्हात, कोरड्या वाळूत, नरसिंह उभा. जबडा वासलेला, आयाळ पिंजारलेली. मी गाडीवरून उडी टाकली आणि वाळूत पालथा पडलो. डोळे उघडले तेव्हा नाकापुढं दोन अनवाणी पाय होते. डावा अंगठा, दोन फाकांचं नख.

देवा शपथ, त्या क्षणी मला हसू आलं, रडू आलं आणि ओरडावंसं वाटलं, तिन्ही एकदम. पण मुखवट्याच्या आतून घुमल्यासारखा आवाज आला, "फिरव." मी गाडी फिरवली. अशी फिरवली की बैलांनाही आनंद झाला असावा.

कामावर पोहोचताच मी उभ्यानंच ओरडलो की नरसिंह आडवा आला, पोती परत पाठवली. काय धमाल उडाली! बायांनी घमेली टाकली, पोती फोडली, ओंजळीनं सुकडी वाटली. आबासाहेब तांबडेलाल झाले, पण बोलणार काय? देवानं मागितलेलं नाही म्हणायचं नाही, हा नियम त्यांच्या आजोबांनाही लागू होता. थोड्या वेळानं सहादेव टोळीत आला, टिकाव उचलला आणि खाली मान घालून खणू लागला. म्हातारी रंगूबाई मुद्दाम त्याच्या शेजारी जाऊन मोठ्यानं म्हणाली की आज देव पावला बाई. सहादेवाचे कान लाल झाले, पण वर बघितलं नाही.

मग तो खेळच सुरू झाला. आबासाहेबांनी सरकारी विहिरीच्या वाटेवर काट्या लावल्या आणि आधी आपल्या म्हशींचं पाणी काढायला सुरुवात केली, तर तिसऱ्या प्रहरी काट्या दूर फेकलेल्या आणि काठावर नरसिंह! म्हशी राखणारा गडी दोरी टाकून पळाला, बायांनी रांग लावून पाणी भरलं. आठ दिवसांनी सुकडी दुसऱ्या गाडीतून दुसऱ्या वाटेनं निघाली, तिथंही हा उभा. कामावर रोज सकाळी एकच विषय. आज येईल का, कुठून येईल, उंची किती होती, डोळे कसे होते. आणि हे सगळं सहादेवाच्या देखत! त्याच्या हातात घमेलं देता देता बाया त्यालाच सांगायच्या की काल देव असे दिसले अन् तसे दिसले. तो घमेलं उचलायचा आणि चालू लागायचा. माझी जीभ तर अशी वळवळायची की मी पटक्याचा शेव तोंडात धरून काम करत होतो.

पण मला एक गोष्ट उशिरा दिसली. वैशाख लागला होता, मुरमावर पाय ठेवला तर फोड येत होते, आणि सहादेव अनवाणी खणत होता. मुखवटा तो काढून ठेवत होता खरा, पण पाणी कुणी घातलंय? त्याच्या लेखी पहिल्या दिवशी चढलेलं सोंग अजून अंगावरच होतं. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, कोण बघतंय, घाल चपला. हा मुलखाचा खरा माणूस. महिनाभर दिवसाला एक भाकरी, भुईवर झोप आणि अनवाणी पाय.

वैशाखातल्या एका संध्याकाळी आबासाहेबांनी मला बोलावलं. सकाळी खर्ड्याला गाडी घेऊन जा, एसटीनं पोलीस जमादार येताहेत, त्यांना कामावर आण, असं सांगितलं. सरकारी धान्याची गाडी अडवली म्हणून तक्रार दिली होती. चोराच्या उलट्या बोंबा! मी विचारलं, नाव कुणाचं दिलंत? ते मिशीत हसले. नाव ते घेणार नव्हते, तेही भैरवनाथाचंच लेकरू. फक्त जमादाराला सांगणार होते की महिनाभर कामावर अनवाणी कोण आहे ते बघा. बाहेरच्या माणसाला कुठं आपला नियम लागतो?

मी तडक केशरवहिनीकडं गेलो. ती चुलीपुढं बसली होती, सहादेव अजून आला नव्हता. मी नाव न घेता सगळं सांगितलं. तिनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं आणि म्हणाली, "भावजी, बेड्या पडायच्या त्या पडत्याल. पर मानूस माघारी येईना झालाय माजा. एक भाकर खातोय आन् दिसभर टिकाव हानतोय. काल भवळ यिऊन पडला. मी पानी घालू तरी कुठं? चार मानसांत घातलं की बोट दावल्यागत हुतंय."

मी म्हणालो की मग आता काय करायचं.

तिनं माझ्याकडं असं बघितलं की जणू आयुष्यात पहिल्यांदाच माझा काही उपयोग दिसला होता. "तुमच्या तोंडात तीळ भिजत न्हाई म्हनत्यात. मग आज भिजू दिऊ नगा. घरोघर जावा. नाव घिऊ नगा, कारन सांगू नगा. एवढंच सांगा, उद्या कामावर पायात काय घालायचं न्हाई."

मी सुटलो. निजानीज होईपर्यंत एक उंबरा सोडला नाही. कुणी का म्हणून विचारलं नाही. नुसतं ऐकायचे, मान हलवायचे आणि दार लावून घ्यायचे. त्यामुळं मला रात्रभर धास्ती. कळलं की नाही कळलं? ऐकतील की नाही? उन्हाळ्याचा मुरूम काही जत्रेची वाट नव्हे.

सकाळी जमादाराला गाडीत घातलं. वाटेत त्यानं विचारलं की तू पाहिलंस ना त्याला, मग सांग कोण होता. मी म्हणालो, नरसिंह. तो म्हणाला, शपथेवर सांगशील? मी तिथंच भैरवनाथाच्या शिखराकडं हात करून शपथ घेतली. आमच्या हिशोबानं त्यात तिळाएवढंही खोटं नव्हतं.

तलावाच्या भरावावर गाडी चढली आणि बघतो तर काय! बाभळीखाली चपलांचा ढीग! वहाणा, टायरच्या चपला, फाटके जोडे, बायांच्या पट्ट्याच्या चपला, कमरेएवढा उंच. आणि खाली दीडशे गडी अन् तेवढ्याच बाया भाजत्या मुरमावर अनवाणी खणताहेत. कुणी वर बघत नाही. दहा वर्षांत असं मन लावून काम केलं नसेल कुणी.

जमादारानं गड्यांना ओळीत उभं केलं. सगळ्यांच्या पायांकडं बघितलं, मग आबासाहेबांकडं. त्या अख्ख्या माळावर पायात वहाणा फक्त त्या दोघांच्या. जमादार चिडला. मोठ्यानं म्हणाला की ज्यानं केलं असेल त्यानं मुकाट्यानं पुढं यावं.

आणि मी बघितलं, ओळीच्या मध्यावर सहादेवाचा डावा पाय उचलला गेला. देव खोटं बोलत नाही. हा खरंच पुढं येणार होता!

तेवढ्यात केशरवहिनी ओळीच्या टोकाला आली. डोक्यावर तिची दिवसभराची प्यायच्या पाण्याची कळशी. पहिल्या गड्यापुढं कळशी उतरवून वाकली आणि ओंजळभर पाणी त्याच्या पायांवर सोडलं. मग दुसऱ्याच्या. मग तिसऱ्याच्या. तिला बघून सहादेव जागीच थांबला. त्या साली, त्या उन्हात, पाणी असं मुरमावर! जमादारानं हे काय म्हणून विचारलं. रंगूबाई म्हणाली की पाय भाजत्यात लेकरांचे, सायेब. केशरवहिनी सरकत राहिली. सहादेवापुढं आली, वाकली, ओंजळ सोडली. ना थेंब कमी, ना थेंब जास्त. पुढच्या गड्याकडं गेली. तिनं वर बघितलंसुद्धा नाही. पाणी शेवटपर्यंत पुरवलं तिनं, शेवटच्या चौघांना नुसती ओली बोटं लागली. सगळ्या वाडीदेखत सोंग उतरलं आणि कुणावर बोट गेलं नाही.

सहादेवाचा उचललेला पाय खाली टेकला होता. पण तो उचललेला जमादारानं आधीच हेरला होता. जवळ जाऊन विचारलं, तू कोण?

"मी सहादेव," तो म्हणाला. महिनाभरात त्याचा असा मोकळा आवाज मी ऐकला नव्हता. "ऊसतोड करतो, सायेब."

जमादार आबासाहेबांकडं वळला. म्हणाला, तुम्हाला माहीत आहे ना, मग घ्या की नाव. आबासाहेबांनी तोंड उघडलं. त्यांची नजर भैरवनाथाच्या शिखराकडं गेली आणि तोंड मिटलं. ओठांपर्यंत आलेलं नाव त्या माणसानं गिळलं, हे त्यांच्या बाजूनंही सांगायलाच हवं.

मग जमादारानं वैतागून मला विचारलं की बाबा, निदान गाडी कुठं चालली होती ते तरी सांग.

काय सांगू तुम्हाला! महिनाभर तोंडात कोंबलेला पटक्याचा शेव मी काढून टाकला. मळा सांगितला, म्हशी सांगितल्या, किती वेळा, कुठल्या वाटेनं, ते सगळं सांगितलं. माझंही नाव त्यात घातलं. एवढं हलकं मला पुन्हा कधी वाटलं नाही. दुपारी जमादार आबासाहेबांसोबत मळ्याच्या वाटेनं गेला तो पंचनामा करायलाच, आणि मुकादम बदलला. माझी गाडी सुटली ती सुटलीच, टिकाव हातात आला.

दुपारच्या सुट्टीला बाभळीखाली चपला शोधायची झुंबड उडाली. हसणं काय, ओढाताण काय, एकाचा पाय दुसऱ्याच्या वहाणेत. सहादेव तेवढा बाजूला दगडावर बसला होता. त्याच्या चपला त्या ढिगात नव्हत्याच, महिनाभर घरात खुंटीला होत्या. केशरवहिनीनं आपलं घमेलं पुढं ओढलं, वरचं पोतेरं बाजूला केलं आणि खालून त्या काढून त्याच्या पायांशी ठेवल्या.

त्यानं आधी उजवी घातली. डावीत फोड आलेला पाय जाईना, म्हणून ती वाकून पट्टा सैल करू लागली. तो तिच्या डोक्याकडं बघत राहिला आणि मग हळूच म्हणाला, "केशर, आनखी एक भाकर हाय का?"