चढाला उतरणारे चाचा

चढ दिसला की गाडीवाले चाचा गाडीवरून खाली उतरत आणि आम्हालाही उतरवत. पाहुणा असो की पाटील, सगळे पायी! मी लग्न होऊन पहिल्यांदा सासरी आले तेव्हा मलाही सुटका नव्हती. "हा चढाव बिजलीचा एकटीचा हाय काय, सुनबाई? आपला बी हाय," म्हणाले. मी शालू खोचला आणि उतरले.

बिजली ही त्यांची घोडी. तिच्यामागे ताडपत्रीचं छप्पर घातलेली मालाची गाडी. गावाचा किराणा, खताची पोती, आमची भाजी-फुलं, सगळं त्या छपराखालून दर्यापूरला जाई-येई. पुढे गावातल्याच राजूचा टेम्पो आला आणि गिऱ्हाईक तिकडे पळालं. चाचांचा तोरा मात्र तसाच राहिला.

ती वर्षंच वाईट. कापसावर भरवसा उरला नव्हता, म्हणून आम्ही झेंडू लावला. दसऱ्याच्या आदल्या दिवशी दुपारपर्यंत फुलं बाजारात पोचली तर वर्षाचं पीक हाती, नाहीतर उकिरडा. आणि त्या वर्षी नेमका त्याच्या आदल्या रात्री पाऊस झाला.

सकाळी चाचांच्या गाडीतून आमची फुलं घेऊन निघालो. नाल्याच्या चढावर पाहतो तर राजूचा टेम्पो अर्ध्या गावाची फुलं घेऊन काळ्या चिखलात रुतलेला. मला वाटलं, आता चाचा मिशीला पीळ देणार. ते तर राजूची पोती आपल्या गाडीत चढवू लागले. सासूबाई म्हणाल्या, घोडीला एवढं झेपायचं नाही. "मंग आपण काय पाहायले आलो?" चाचा म्हणाले.

काय तो थाट सांगू! राजू चाकाला भिडला, सासूबाईंनी पदर खोचला, आम्ही बायांनी मागून रेटा दिला आणि बिजलीने मान खाली घालून अशी ओढ घेतली की गाडी थेट माथ्यावर! बाजार गाठला तेव्हा गिऱ्हाइकांची झुंबड होती. गुडघाभर चिखल अंगावर घेऊनच आम्ही फुलं विकली, राजूचीसुद्धा.

पुढे डांबरी सडक झाली. बिजली गेली. चाचांनी दुसरी घोडी घेतली नाही. एका दसऱ्याला ते आमच्याबरोबर राजूच्या टेम्पोतून निघाले. नाल्याचा चढ आला तसं त्यांनी टेम्पो थांबवायला लावला आणि खाली उतरले.

"चाचा, याले इंजन हाय. तुमी काहून उतरून राहिले?" राजूने विचारलं.

"त्याले इंजन हाय, बाबू. मले आदत हाय."

टेम्पोला हात लावून ते चालू लागले. राजू हळूहळू चालवत राहिला. मागून आम्हीही उतरलो.

आता चाचा नाहीत. त्या चढाला राजू अजून टेम्पो थांबवतो, आणि आम्ही उतरतो.